नेत्याच्या माइकमधला द्वेष: कायदा काय सांगतो आणि नांदेड-लातूरचा सामान्य माणूस काय करू शकतो?

१९ फेब्रुवारी २०२३. लातूरमध्ये शिवजयंतीनिमित्त एक कार्यक्रम झाला. वक्ते होते हैदराबादच्या गोशामहल मतदारसंघाचे आमदार टी. राजा सिंह. त्यांच्या भाषणाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि काही दिवसांत लातूर पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. कलम होतं तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं १५३-अ, म्हणजे दोन समाजांत शत्रुत्व निर्माण करणं.

त्याच वर्षी १ जूनच्या संध्याकाळी नांदेड शहराजवळच्या बोंढार हवेली गावात एका २४ वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग मनात धरून हल्ला झाला, असा कुटुंबाचा आरोप होता. पोलिसांनी खुनासोबतच ॲट्रॉसिटी कायद्याची कलमंही लावली.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण कायद्याच्या दृष्टीने एकाच प्रश्नाच्या या दोन बाजू आहेत. पहिल्या घटनेत शब्द होते, दुसऱ्या घटनेत शस्त्र होतं. शब्द उच्चारणारा माणूस लोकांनी निवडून दिलेला असेल तर काय होतं? त्याला सूट मिळते का? तक्रार कुठे करायची? आणि गुन्हे नोंदवूनही शिक्षा क्वचितच का होते?

द्वेषमूलक भाषण म्हणजे नेमकं काय?

भारतीय कायद्यात ‘हेट स्पीच’ या शब्दाची थेट व्याख्या नाही. हेच चित्र ‘हेट क्राइम’चं. वेगवेगळ्या कायद्यांतल्या कलमांतून दोन्हींचा अर्थ लावावा लागतो. विधी आयोगाने मार्च २०१७ मधल्या २६७व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कलमं घालण्याची शिफारस केली होती, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आली नाहीत. आता लातूर आणि नांदेडला लागून असलेल्या कर्नाटकात मात्र डिसेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने द्वेषमूलक भाषण आणि गुन्ह्यांविरोधात स्वतंत्र विधेयक मंजूर केलं.

सोप्या भाषेत सांगायचं तर धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा ओळखीवरून एखाद्या समूहाविरुद्ध शत्रुत्व पेटवणारं बोलणं म्हणजे द्वेषमूलक भाषण. आणि त्या ओळखीमुळेच एखाद्याला मारहाण, खून, जाळपोळ किंवा बहिष्काराला सामोरं जावं लागलं तर तो द्वेषातून घडलेला गुन्हा.

सर्वोच्च न्यायालयाने अमिश देवगण प्रकरणात (७ डिसेंबर २०२०) आणखी एक मुद्दा मांडला. कोण बोलतंय, कुठे बोलतंय आणि ऐकणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होऊ शकतो, हे पाहायला हवं. ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याची जबाबदारीही मोठी. पारावर बसून बोलणारा माणूस आणि दहा हजारांच्या सभेत माइक हातात घेतलेला आमदार यांच्यात कायदा असा फरक करतो.

मराठवाड्यासाठी हा विषय जुना का आहे?

नांदेड आणि लातूरचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करायचा. त्याच्या भडक भाषणांनी आणि रझाकारांच्या अत्याचारांनी गावंच्या गावं होरपळली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं. त्यानंतर सूडाची लाट उसळली आणि तिच्यात असंख्य निरपराध मुस्लीम मारले गेले.

केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादमध्ये होता, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिमांना वाचवल्याची उदाहरणंही याच अहवालात आहेत. हा अहवाल सरकारने अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही.

त्यानंतर ३० वर्षांनी दुसरा मोठा घाव बसला. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत हिंसाचार सर्वाधिक होता. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या याच काळातली. पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये नामांतराच्या मागणीसाठी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

म्हणजे सभागृहात झालेला ठराव अमलात यायला साडेपंधरा वर्षं लागली. त्या काळात राजकारण्यांनी काय बोललं आणि कशाबद्दल गप्प बसले, याची किंमत गावकुसाबाहेरच्या माणसांनी मोजली.

आमदार-खासदारांना बोलण्याची सूट असते का?

सभागृहात असते, बाहेर नसते.

राज्यघटनेच्या कलम १९४ नुसार आमदाराने विधिमंडळात केलेल्या वक्तव्यावर न्यायालयात कारवाई करता येत नाही. खासदारांसाठी हेच संरक्षण कलम १०५ देतं. २१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत रमेश बिधुरी यांनी खासदार दानिश अली यांना उद्देशून धार्मिक शिवीगाळ केली. ते शब्द कामकाजातून काढले गेले आणि प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेलं. पोलीस ठाण्याचा रस्ता तिथे बंद होता.

पण तेच शब्द चौकात, मोर्चात, लग्नात किंवा फेसबुक लाइव्हवर उच्चारले, तर आमदाराला लागू होणारा कायदा तुम्हा-आम्हाला लागू होणाराच असतो. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि सरपंच यांना तर घटनेतलं हे संरक्षण नाहीच.

मंत्र्यांचं काय? ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. त्यानुसार मंत्र्यांच्या बोलण्यावर घटनेच्या कलम १९(२) पलीकडे वेगळी बंधनं घालता येत नाहीत, आणि मंत्र्याचं वक्तव्य आपोआप सरकारचं वक्तव्य ठरत नाही. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. मंत्री आपल्या पदाच्या नात्याने असं बोलला आणि ते सरकारच्या भूमिकेशी जुळणारं असेल, तर जबाबदारी सरकारवरही येऊ शकते, असं त्यांनी म्हटलं.

मंत्री शपथ घेतात तेव्हा कोणाहीविषयी ममत्व किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देण्याचं वचन देतात. ती शपथ मोडल्याबद्दल थेट शिक्षेचं कलम नाही. तिथे उरतो तो मुख्यमंत्र्यांचा निर्णय आणि मतदाराचा राग.

कोणती कलमं लागू होतात?

• भारतीय न्याय संहिता, कलम १९६: धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून समूहांत शत्रुत्व वाढवणं. हेच जुनं १५३-अ. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि प्रार्थनास्थळात गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत.

• कलम २९९: धार्मिक भावना दुखावण्यासाठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं कृत्य. जुनं २९५-अ.

• कलम ३५३: समाजांत तेढ वाढवणारी अफवा किंवा खोटी माहिती पसरवणं. जुनं ५०५. हे कलम फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू होऊ शकतं.

• लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२५: निवडणुकीच्या संदर्भात शत्रुत्व पसरवणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

• याच कायद्याचं कलम १२३(३) आणि १२३(३-अ): धर्म-जातीच्या नावाने मतं मागणं किंवा द्वेष पसरवणं हा ‘भ्रष्ट आचार’ ठरतो आणि निवडणूकच रद्द होऊ शकते.

• ॲट्रॉसिटी कायदा १९८९, कलम ३(१)(यू): अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध शत्रुत्व किंवा द्वेष पसरवणारे शब्द.

तक्रार आल्याशिवाय पोलीस कारवाई करू शकतात का?

करू शकतात, आणि त्यांनी ती करायला हवी.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी शाहीन अब्दुल्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडला स्पष्ट आदेश दिला: द्वेषमूलक भाषण झालं तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. २८ एप्रिल २०२३ रोजी हा आदेश सर्व राज्यांना लागू झाला. वक्ता कोणत्याही धर्माचा असो, कारवाई करा, आणि टाळाटाळ केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल, असं त्यात म्हटलं आहे. याच सुनावण्यांमध्ये महाराष्ट्रातल्या मोर्चांचा विषयही न्यायालयापुढे होता.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून आलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द केला. कारण होतं एका व्हिडिओतली कविता. शब्दांचा परिणाम कणखर, समजूतदार माणसाच्या नजरेतून पाहा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नजरेतून नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि भाषण-लेखनाच्या प्रकरणात ती करणं योग्य, असंही न्यायालयाचं म्हणणं आहे.

म्हणून ही रेषा लक्षात ठेवायला हवी. सरकारवर, पक्षावर, नेत्यावर, एखाद्या धार्मिक प्रथेवर कडक टीका करणं हा गुन्हा नाही. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलणंही गुन्हा नाही. ‘त्या समाजाकडून काही घेऊ नका’, ‘त्यांना गावात राहू देऊ नका’, ‘त्यांना धडा शिकवा’ अशी हाक दिली की ती रेषा ओलांडली जाते.

मग शिक्षा का होत नाही?

गुन्हा नोंदवला जाणं ही पहिलीच पायरी. त्यापुढे तीन मोठे अडथळे आहेत.

पहिला, सरकारची मंजुरी. कलम १९६ किंवा २९९ च्या खटल्यात न्यायालयाने दखल घेण्याआधी राज्य किंवा केंद्र सरकारची परवानगी लागते. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये आहे. आरोपी सत्ताधारी पक्षाचा असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा की नाही, हे त्याचंच सरकार ठरवतं. विरोधी पक्षाचा असेल तर हीच फाइल झटपट हलू शकते. अडचण दोन्हीकडून आहे.

दुसरा, खटले मागे घेणं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्रात वेगवेगळ्या सरकारांनी घेतले आहेत. यावर एक महत्त्वाचा चाप आहे: १० ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

तिसरा, पुरावा. सभेतला व्हिडिओ अर्धवट असतो, मूळ फाइल सापडत नाही, साक्षीदार गावातलेच असतात आणि त्यांना रोज त्याच नेत्याच्या माणसांसमोरून जावं लागतं. वर्षं उलटतात, साक्षीदार फितूर होतात. एआयएमआयएमचे आमदार अकबरुद्दीन ओवेसी यांच्यावर डिसेंबर २०१२ मधल्या निझामाबाद आणि निर्मल इथल्या भाषणांचे खटले चालले. दोन्ही शहरं नांदेडपासून फार लांब नाहीत. निकाल आला एप्रिल २०२२ मध्ये, आणि ते निर्दोष सुटले.

शिक्षा झाली तर पद जातं का?

हो, जाऊ शकतं. आणि इथेच कायद्याचा खरा दात आहे.

एरवी आमदारकी जाण्यासाठी दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा व्हावी लागते. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(१) मध्ये शत्रुत्व पसरवण्याचे गुन्हे वेगळ्या यादीत आहेत. त्यात दोषी ठरलं की नुसता दंड झाला तरी दोषसिद्धीपासून सहा वर्षं अपात्रता. तुरुंगवास झाला तर सुटकेनंतर आणखी सहा वर्षं.

उत्तर प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये आझम खान यांना अशाच प्रकरणात तीन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली. डिसेंबरमध्ये त्यांच्या रामपूर मतदारसंघात पोटनिवडणूकही झाली. मे २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, पण जागा गेली ती गेलीच. कायदा किती धारदार आहे आणि तो जपून का वापरायला हवा, हे एकाच प्रकरणातून कळतं.

महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र जुनं आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली. त्यांच्या आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतली भाषणं धर्माच्या नावाने मतं मागणारी होती, असं म्हणत पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये निवडणूक रद्द झाली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा अधिकारही सहा वर्षांसाठी गेला.

हा मार्ग आजही खुला आहे. निकालानंतर ४५ दिवसांत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. नांदेड-लातूरकरांसाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ.

प्रत्यक्ष हल्ला झाला तर?

झुंडीने केलेला खून: पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर कलम १०३(२) लागतं. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालानुसार प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी असायला हवा.

ॲट्रॉसिटी: तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हायला हवं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत पीडितांना म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी सेवकावर कलम ४ नुसार कारवाई होऊ शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीने दर तीन महिन्यांनी बैठक घ्यायची असते. ती झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

सामाजिक बहिष्कार: दुकानातून माल न देणं, पाणी, पिठाची गिरणी, मजुरी बंद करणं. जातीच्या किंवा समाजाच्या नावाने पंचायत बसवून आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा लागू होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलित-आदिवासींवर दुसऱ्यांनी घातलेला बहिष्कार ॲट्रॉसिटी कायद्यात बसतो.

तुम्ही काय करू शकता?

१. व्हिडिओ जपा, पसरवू नका. भडक क्लिप निषेधासाठी शेअर केली तरी ती पसरतेच. मूळ फाइल, लिंक, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. न्यायालयात डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या मोबाइलवर चित्रीकरण झालं तो सांभाळा.

२. पूर्ण भाषण मिळवा. पंधरा सेकंदांच्या तुकड्यावर खटला टिकत नाही. अन्यायही होऊ शकतो.

३. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नेमके शब्द जसेच्या तसे लिहा. कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येते.

४. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. त्यांनीही काही केलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे नांदेड परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या अखत्यारीत येतात.

५. जातीय अत्याचारासाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तातडीच्या धोक्यात ११२.

६. आचारसंहिता लागू असेल तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर तक्रार करा. त्यावर १०० मिनिटांत कारवाई करण्याची व्यवस्था आहे.

७. कार्यक्रमाआधीच कळवा. वक्त्यावर आधी गुन्हे नोंदवलेले असतील तर परवानगी देताना अटी घाला, पूर्ण चित्रीकरण करा, अशी मागणी पोलिसांकडे करता येते.

८. अफवा थांबवा. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाच्या बंदला नांदेड, मालेगाव आणि अमरावतीत हिंसक वळण लागलं. त्रिपुरा इथून खूप लांब, दगड मात्र इथल्या दुकानांवर पडले. ग्रुप ॲडमिनने वेळेत थांबवलेला एक मेसेजही उपयोगी असतो.

शेवटी

लातूरमधल्या त्या भाषणावर गुन्हा नोंदवला गेला, कारण कुणीतरी ते भाषण ऐकलं, जपलं आणि त्याची दखल घ्यायला लावली. गुन्हा नोंदवला म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही, ते न्यायालय ठरवेल. पण नोंदच झाली नाही तर न्यायालयापुढे ठरवायला काही उरत नाही.

सुंदरलाल समितीच्या अहवालात मारणाऱ्यांसोबत वाचवणाऱ्यांचीही नोंद आहे. पुढच्या वेळी तुमच्या मतदारसंघातला उमेदवार मतं मागायला दारात येईल, तेव्हा रस्ता, पाणी आणि पीकविम्यासोबत आणखी एक प्रश्न विचारता येईल: तुमच्या प्रतिज्ञापत्रात कोणकोणते गुन्हे लिहिले आहेत, आणि ते कशाबद्दल आहेत? उमेदवाराला ही माहिती जाहीर करावीच लागते. ती वाचायला फक्त एक मोबाइल लागतो, आणि तो तुमच्या हातात आहेच.